मातीच्या भिंतीला दगडाची साल

मामंजी दगडांखाली होते आणि हातोडा माझ्या हातात होता.

मी अंगणात उताणी पडले होते. स्टूल माझ्या पायावर, पदर कुठे तरी, तोंडात माती. ओट्यावरून धुळीचा असा लोट उठला होता की मला माझ्याच घराचं दार दिसेना. संक्रांतीनंतर आम्ही घराच्या दर्शनी भिंतीला शहाबादी फरशीचे तुकडे लावून घेतले होते, खालपासून वरपर्यंत, शहरातल्या नव्या इमारतींना लावतात तसे. त्या दगडांवर नावाची पाटी टांगायला मी खिळा ठोकायला घेतला. पहिला घाव घातला, काही झालं नाही. दुसरा घातला आणि भिंत पुढे आली. भिंत म्हणजे मूळची मातीची भिंत नव्हे, ती जागेवरच उभी होती. तिच्या अंगावरची फरशी तेवढी सुटली. आणि त्या फरशीपुढेच माझे सासरे तंबाखू मळत बसले होते. तिथे त्यांना मीच बसवलं होतं.

मी ओरडले असणार, कारण शेजारच्या घरातून माझी थोरली जाऊ धावत आली. तिला मी आक्का म्हणायची. तिनं धुळीत डोकावून पाहिलं.

"अगं, म्हातारा कुठाय?"

मी हातोड्यानं दाखवलं.

"मेला का?"

"मला काय म्हाईत!"

"मंग त्यो हातूडा टाक की खाली, भवाने. आजून काय पाडायचं ऱ्हायलंय?"

मी हातोडा टाकला. तो माझ्याच पायावर पडला.

हे असं का झालं ते सांगायचं तर मामंजींच्या पाठीपासून सुरुवात करावी लागते. आमचं घर नेवासे तालुक्यात, घोडेगावपासून बैलगाडीच्या वाटेवर. खाली गुडघाभर काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, पुढे ओटा आणि ओट्यावर लाकडी खांब. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. मामंजींना ऐकू कमी यायचं आणि काम काही उरलं नव्हतं, म्हणून ते दिवसभर ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे. एकच जागा. पाठीला तेल, पटक्याला तेल, वर घाम. त्यामुळे भिंतीवर बसलेल्या माणसाएवढा काळा, चकचकीत डाग पडला होता. ते उठून शेताकडे गेले तरी ओट्यावर कोणी बसलंय असं वाटायचं. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे एक म्हातारा फुकटचा आहे.

दर दसऱ्याला मी भिंत लिंपायची. पांढरी माती, शेण, भुसा, हातानं सपासप. दिवाळीपर्यंत डाग परत. मी डागाशी भांडत होते आणि डाग जिंकत होता. मामंजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांना "मामंजी, जरा बाजूला बसा" असं म्हटलं की ते म्हणायचे, "व्हय व्हय, चा ठेव."

त्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली म्हणून मालक मला श्रीरामपूरला घेऊन गेले. दाढ काढली. गाल भोपळ्यासारखा सुजला. मालक एसटीची चौकशी करायला गेले आणि मी समोरच्या एका नव्या कचेरीच्या सावलीत उभी राहिले. दोन मजली कचेरी, वर सपाट स्लॅब, आणि सगळी दर्शनी बाजू दगडाची. दगड कसले, तुकडे. वाकडे-तिकडे, निळसर, करडे, मधूनच पिवळट, आणि त्यांच्यामध्ये सिमेंटच्या रेघा. आमच्या इकडच्या देवळाच्या दगडासारखे घडवलेले नव्हते. फुटल्यासारखे होते, पण फुटलेलेच कोणी मुद्दाम हौसेनं लावावेत असे. मी सुजलेला गाल त्या दगडाला टेकला. गार लागला. डोळे मिटले.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मावशी, काय झोपता काय भितीला?"

"केवढे दगड आनले असतील हो," मी म्हणाले. गाल सुजलेला, त्यामुळे ते त्याला किती कळलं असेल कोण जाणे.

"अवो, दगडाची न्हाई ती भित. आत वीट हाय. दगूड वरनं चिकटवलाय. बोटाएवढा जाड. आता नव्या बिल्डिंगांना असंच करत्यात."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढी मोठी गोष्ट एकदम कोणी सांगू नये. आत काहीही असो, वरून दगड! म्हणजे घराला लुगडं नेसवल्यासारखंच झालं. आतल्या परकराला भोक आहे का ते कोण बघतंय? एसटीत मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी निम्मं ऐकलं. ऊस बरा झाला होता, त्यामुळे ते माझ्या अंगावर ओरडायच्या मनःस्थितीत नव्हते.

"मंग आपल्या भितीला पन लावायचा म्हनतीस?"

"म्हंजे डाग पडनार न्हाई. पडला तरी दिसनार न्हाई."

"एका म्हाताऱ्याच्या पाठीपायी आख्खं घर दगडाचं करायचं?"

"आख्खं न्हाई. फुडची बाजू. मागं कोन बघतंय?"

आता काळ कुठला तेही सांगते, म्हणजे मी किती शहाणी ते कळेल. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. निम्म्या गावानं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. बायकांच्या हाताचे घट्टे अजून गेले नव्हते. दगड म्हटला की लोक थुंकत होते. आणि त्या गावात मी एकटी दगड विकत आणायला निघाले होते. आक्का विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "आमी दगडं फोडून मेलो, आन आमच्या बाईला दगडाची हौस. रस्त्यावर ढीग पडल्याती, त्यातली चार उचल की!"

"त्यो खडीचा दगड," मी म्हणाले. "माझा फरशीचा."

"फरशी भुईला असती गं. पायाखाली घालायची वस्तू तू कपाळाला लावनार?"

मी म्हणाले, श्रीरामपूरला लावतात. गावात वाद संपवायचा असेल तर श्रीरामपूरचं नाव घ्यायचं, अशी माझी समजूत होती. आक्का हसली आणि तिनं घागर उचलली. तिला अक्कल होती असं मी म्हणणार नाही. तिलाही आतून तसलीच फरशी हवी होती, ते मला तेव्हाच दिसत होतं.

गावातच एक मुसलमान मिस्त्री होता. त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्यानं श्रीरामपुरात असल्या दोन-तीन इमारतींवर काम केलं होतं. स्टेशनाजवळच्या वखारीत गाडीतून उतरवताना फुटलेली शहाबादी फरशी ढिगानं पडलेली असायची. तिचेच तुकडे आणायचे ठरलं. निघताना चाचानं मला काम सांगितलं.

"वैनी, आमी माल घिऊन येऊस्तवर भित खरवडून ठिवा. लिंपन सगळं काढा. मंग टोकदार काहीतरी घिऊन तिला टोचे मारा, देवीच्या रोग्याच्या तोंडावानी. सिमेट त्या भोकांत शिरलं पायजे. मंगच दगूड धरतो."

मी खरवडली. मन लावून खरवडली, खुरप्यानं. वर्षानुवर्षांचं लिंपण पापुद्र्या-पापुद्र्यानं निघालं, मामंजींच्या डागासकट. मग कुदळीच्या टोकानं टोचे मारले. इथवर मी चाचाच्या शब्दाबाहेर गेले नाही. त्यानंतर मी चार पावलं मागे सरून भिंतीकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

भिंत सोललेल्या बोकडासारखी दिसत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दगडाची पूजा. मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून ठेवलं होतं. चांगल्या कामाला सुरुवात, दगडाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, भिंतीवर हळदीचे हात उठवायचे. आणि ते हात मी या टोचे मारलेल्या, मातीचे गोळे सुटलेल्या भिंतीवर उठवू? आक्का बघणार, बाकीच्या बघणार. बाई एवढी दगडाच्या गोष्टी करते आणि भिंत लिंपायला हिला हात नाहीत, असं म्हणणार. आमच्याकडे बाईची लायकी भिंतीवरून ठरायची. नाकीडोळी कशी का असेना, लिंपणावर बोटांच्या कमानी एकसारख्या उठल्या की बाई चांगली.

मी शेण कालवलं. पांढरी माती भिजवली. उन्हं कलेपर्यंत भिंत लिंपून मोकळी झाले. टोचे सगळे बुजवले. मोठ्या मोठ्या कमानी काढल्या, पाची बोटं उमटतील अशा. जोतं तेवढं सोडलं, कारण दगडाला कोणी लिंपत नाही. इतकं चांगलं लिंपण मी जन्मात केलं नव्हतं. सकाळपर्यंत ते वरून तरी सुकलं. बायका आल्या, कमानींवर वाकून बघायला लागल्या. मी हळदीचे पाच हात उठवले, कुंकू लावलं, मालकांनी नारळ फोडला.

चाचा थापी घेऊन पुढे आला आणि उभाच राहिला.

"वैनी, ह्ये काय केलं?"

"काय केलं? पूजा केली."

"पूजेचं न्हाई म्हनत मी. खरवडल्याली भित कुटं गेली?"

"हितंच हाय की. आत."

"आन वर काय हाय?"

"लिंपलं जरासं. बायका येनार, त्यांना उघडीनागडी भित दाखवू व्हय?"

चाचानं कपाळाला हात लावला. "आता परत खरवडायला लागंल."

तेव्हा आक्का पुढे आली. "खरवडता? कुंकवावर थापी चालवता? हळदीचं हात पुसता? काय वंगाळ झालं म्हंजे?"

चाचानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी मामंजींकडे पाहिलं. घरातले वडील ते. मालक त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आबा, भित खरवडायची का?"

मामंजी म्हणाले, "आधी चा ठेवा."

चाचानं हळदीच्या हातांकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाला, "म्या पूजेची भित खरवडली, तर गाव मला खरवडंल. वैनी, लिंपन पातळच हाय न्हवं?"

"पातळ," मी म्हणाले.

अंगठ्याएवढं जाड होतं. पण आपल्या हातचं लिंपण कोणती बाई जाड म्हणेल?

तर असं झालं. त्याला येत होतं, पण धीर नव्हता. मला धीर होता, पण येत नव्हतं. मालकांना दोन्ही नव्हतं. चाचानं भिंतीवर पाणी मारलं, सिमेंट थापलं आणि माझ्या शेणाच्या कमानींवर पहिला दगड बसवला.

पुढचे दिवस मी कामाला कुठे गेले नाही. चाचाच्या मागे उभी राहून नक्षी सांगत होते. तुकडे वाकडे-तिकडे, त्यामुळे त्याला ते कसेही बसवायचे होते. मला गोधडी येत होती, आणि जिला गोधडी येते तिला सगळं येतं असं मी धरून चालले. मधे चौकोनी, भोवती तिकोनी, कडेला लांबट. चाचा म्हणायचा, "वैनी, बिल्डिंग हाय का गोधडी?" मी म्हणायची, "चिंध्या जोडायच्या म्हनल्यावर काय फरक हाय?" त्यानं दगडांमधल्या फटी, दर्जा म्हणतात त्यांना, अशा पक्क्या भरल्या की बस. ते काम त्यानं खरोखर झटून केलं. मनातून त्याला भीती वाटत असणार आणि ती सगळी भीती त्यानं दर्जांत भरली. त्यामुळे झालं काय, की दगड एकमेकांना घट्ट धरून होते. भिंतीला मात्र त्यांच्यातलं कोणीच धरून नव्हतं.

सिमेंटला पाणी मारत राहा असं तो सांगून गेला. मी भांडी धुतलेलं पाणी मारायची. पाणी वाया कशाला घालवायचं? त्यामुळे काही दिवस दगडांवर भाताची शितं दिसायची आणि कोंबड्या येऊन भिंतीला चोची मारायच्या.

पण दिसायला काय दिसायचं ते घर! मी समोरच्या लिंबाखाली जाऊन बसायची आणि आपल्याच घराकडे बघायची. चुलीवर भाजी लागायची. रस्त्यानं जाणारा माणूस थांबला की मी म्हणायची, "मॉडर्न हाय." तो शब्द मी चाचाकडून घेतला होता. कोणी हात लावून बघितला की सांगायची, "आत माती हाय बरं का, कळतं का?" मला वाटायचं, हे सांगितलं की माणूस जास्त थक्क होतो.

एक दिवस मी पाटा धुताना सहज एका फरशीवर बोटाची टिचकी मारली. पोकळ आवाज आला. दुसरीवर मारली, तसाच. वर-खाली, डावी-उजवी, सगळीकडून ढब ढब. फक्त जोत्यावरची खालची ओळ ठणठणीत वाजत होती. एवढं कळल्यावर कोणीही मिस्त्रीला बोलावलं असतं. मी दोनवेळच्या भाकरी थापणारी बाई. मला तो आवाज ओळखीचा वाटला. टम्म फुगलेल्या भाकरीला बोट लावलं की असाच वाजतो. फुगलेली भाकरी म्हणजे चांगली भाकरी. पापुद्रा सुटलाय म्हणून तर ती फुगते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी त्याचा अर्थ लावला तो असा, की भिंत उत्तम भाजली गेली आहे.

आता नगरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड लावलेले बंगले दिसतात. भाच्यानं तर मशीननं कापलेले लावलेत. वास्तुशांतीला गेले तेव्हा सगळे जेवत होते आणि मी बोटानं भिंत वाजवत फिरत होते. भाच्याची बायको म्हणाली, "आत्या, काय शोधताय?" म्हटलं, भाकरी.

चैत्र लागला. आमचा ओटा पश्चिमेच्या तोंडाचा. दुपारनंतरचं ऊन सरळ भिंतीवर. मातीची भिंत कधी तापल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण फरशी तव्यासारखी व्हायची. मामंजींनी एकदा पाठ टेकली आणि दचकून पुढे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं घोंगडं उचललं आणि लिंबाखाली गेले. ज्यांच्या पाठीसाठी भिंत केली तेच भिंत सोडून गेले. मला राग आला. डाग पडणार नाही अशी भिंत केली आणि आता डाग पाडायलाच कोणी नाही.

मग माझा भाऊ जामखेडकडून येणार असल्याचा निरोप आला. तिकडे कायमचाच कोरडा मुलूख. माहेरच्या माणसांनी माझं घर बघावं, आणि भावजयीनं तर अगदी हात लावून बघावं, अशी माझी फार इच्छा. मी मालकांच्या मागे लागून घोडेगावात पाटी रंगवून आणली. पाटीवर मालकांचं नाव आणि त्याच्याखाली माझं. मालक म्हणाले होते, "बाईचं नाव कशाला पाटीवर?" मी म्हणाले, "भित कुनाची?"

भाऊ येणार त्या दुपारी मालक उसाला पाणी देत होते, लेकरं शाळेत. मी स्टूल घेतलं, हातोडा घेतला. आणि ओटा रिकामा दिसतोय असं माझ्या मनात आलं. दगडाची भिंत, पाटी, आणि खाली पटका बांधलेला म्हातारा, असं असलं तर कसं घरंदाज दिसेल! मी लिंबाखाली गेले आणि मामंजींच्या कानात ओरडले.

"मामंजी, वर येऊन बसा. पावनं येनार!"

"मला हितंच बरंय."

"वट्यावर बसा म्हनते!"

ते कुरकुरत उठले. भिंतीपाशी घोंगडं टाकलं आणि बसले. पण टेकेनात. गुडघे वर, पाठ वाकवलेली, भिंतीपासून वीतभर पुढे. त्यांची लाडकी तांबडी कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"नीट टेकून बसा की!"

"भाजतंय."

"भाजत न्हाई काय! टेका!"

ते टेकले नाहीत. म्हातारा माणूस, हट्टी. मान खाली घालून तंबाखू मळत राहिले. मी दाराच्या बाजूला स्टुलावर चढले, दोन दगडांमधल्या दर्जेवर खिळा धरला, पहिला घाव घातला आणि दुसरा घातला.

धूळ खाली बसायला वेळ लागला. तोवर मालक बांधावरून पळत आले, चाचा आला, गल्ली आली. चाचाचं तोंड पांढरं पडलं होतं. धूळ विरळ झाली तेव्हा दिसलं ते असं. फरशी वरून सुटली होती, पण जोत्यावरची खालची ओळ, जी मी लिंपली नव्हती, ती जागेवर होती. वरचे सुटे तुकडे ओट्यावर विखुरले होते. बाकीची फरशी एकमेकींना धरून एका अंगानं पुढे झुकली होती आणि तिची वरची कड ओट्याच्या लाकडी खांबाला अडली होती. पिल्लांवर कलतं सूप झाकावं तशी. मामंजी त्याच्या आत होते. बाहेर त्यांचा एक पाय तेवढा दिसत होता आणि त्यावर एक चौकोनी तुकडा पडला होता. माझ्या गोधडीतला, मधला.

"आबा!" मालक ओरडले. "आबा, ओ द्या!"

ओ आली नाही. मालक खाली बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं आणि सुटे तुकडे हातानं बाजूला करायला लागले.

चाचानं पहार मागितली. चार माणसांनी फरशी खांद्यावर तोलून धरली, चाचा वाकून आत सरकला. आतून चाचाचा आवाज आला, "आबा, आबा..." आणि मग मामंजींचा, नेहमीसारखा, कोणालाही घाबरवेल एवढा मोठा.

"दार कुनी लावलं रं? अंधार कशापायी केला?"

सगळं गाव हसलं. मालक हसत होते आणि डोळे पुसत होते. मामंजींना ओढून बाहेर काढलं. अंगभर पांढरी धूळ, पटका गळ्यात, मुठीत तंबाखू तशीच. पाठ वाकवून बसले होते म्हणून फरशी डोक्यावरून निघून गेली होती. ताठ टेकून बसले असते तर फरशी सरळ मानेवर आली असती. माझं ऐकलं असतं तर गेले असते. हे मी नव्हे, आक्का बोलली, आणि मोठ्यानं बोलली.

मग माणसांनी फरशी ओट्यावर उलटी टाकली आणि सगळी गल्ली बघायला पुढे सरकली. दगडांच्या पाठीवर सिमेंट, सिमेंटवर शेणाचा थर, आणि त्या थरावर, अगदी शाळेतल्या कित्त्यासारख्या स्पष्ट, माझ्या पाची बोटांच्या कमानी. कडेला हळदीचे हात.

आक्का वाकून बघत म्हणाली, "गं बया! लिंपन काय केलंय! एक कमान हलली न्हाई बघ."

चाचा म्हणाला, "पातळ म्हनलं हुतं वैनींनी."

एवढ्यात भाऊ आणि भावजय पिशवी घेऊन अंगणात आले. भावजयीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, ती दगडाची भित कुठाय?"

"उलटी हाय," मी म्हणाले. "बसा. पानी आनते."

मामंजींना बैलगाडीतून घोडेगावच्या डॉक्टरकडे नेलं. पायाच्या बोटांचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. पांढऱ्या प्लास्टरकडे बघून ते मालकांना म्हणाले, "तिला सांग, ह्याच्यावर फरशी बसवू नको."

चाचानं फरशी पुन्हा नीट बसवून देतो म्हणून सांगितलं, खरवडून, टोचे मारून. मालक नको म्हणाले. मी तर विचारलंच नाही. चांगले तुकडे म्हशींच्या गोठ्यात भुईला घातले, आणि आमच्या म्हशी पुढे कायम मॉडर्न फरशीवर उभ्या राहिल्या. न्हाणीला दोन दगड झाले. आक्कानं चार मागून नेले आणि धुण्याला घातले, बोटांची बाजू वर ठेवून, मुद्दाम. जोत्यावरची एक ओळ तेवढी अजून आहे. ती निघत नाही. पाटी गोठ्याच्या दाराला लावली.

भिंत मी पुन्हा लिंपली. मामंजी पुन्हा तिला टेकून बसायला लागले आणि दसऱ्यानंतर डाग परत आला. तो पुसायचा प्रयत्न मी मग केला नाही.

त्या दिवशी ओट्यावर तिघं होतो. कोंबडी तिथंच दगडांखाली गेली. मामंजी पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि आपल्या मरणानं, बाजेवर, गेले. मी अजून आहे.